पाच मिनिटांचं वर्डप्रेस

वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, पाच मिनिटांत बसतं, असं खुद्द वर्डप्रेसवालेच सांगतात. मी त्यांना खोटं पाडणार नाही. ती पाच मिनिटं सुरू कधी होतात, एवढंच ते सांगत नाहीत.

उबंटूसारख्या लिनक्सवर बसवायचं, तर आधी पानं पुरवणारं अपाची हवं, मजकूर साठवणारा डेटाबेस मारियाडीबी हवा, आणि वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती पीएचपी हवी. तिन्ही आली म्हणून हात झटकावेत, तर पडद्यावर तक्रार: मायएसक्यूएलचं एक्स्टेन्शन, म्हणजे पीएचपीला मारियाडीबीशी बोलायला लागणारा दुवा, नाही. कुलूप आणलं, किल्ली राहिली. 'पीएचपी-मायएसक्यूएल' हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं आणि अपाची रीस्टार्ट करावं लागतं, त्याशिवाय अपाची त्या पॅकेजला ओळखच दाखवत नाही.

मग अपाची जिथून पानं वाढतं त्या 'एचटीएमएल' फोल्डरात वर्डप्रेसच्या फायली ओतायच्या आणि ब्राउझर उघडायचा. समोर अपाचीचं स्वागताचं पान. दहादा रिफ्रेश केलं तरी स्वागतच. तिथे आधीपासून ठाण मांडून बसलेली 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असते आणि उबंटूच्या अपाचीच्या यादीत तिचा नंबर 'इंडेक्स डॉट पीएचपी'च्या आधी लागतो. तिला उठवायचं.

वर्डप्रेसच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड भरताना वर्ड प्रोसेसरमधून काही चिकटवू नये. तिथली वळणदार अवतरणचिन्हं दिसायला देखणी असतात, पण पीएचपीला सरळच लागतात. एवढ्याशा बाकावरून सगळी साइट झोपते.

खरा छळ मालकीचा. वर्डप्रेस उघडलं, प्लगइन टाकायला गेलं, की ते एफटीपीचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर फायली चढवण्याचा, पासवर्ड मागतं. आपल्याच कॉम्प्युटरवर, आपल्याच फोल्डरसाठी! कारण फायली आपल्या नावावर, आणि अपाची चालतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या युजरच्या नावाने. इथे वैतागलेला माणूस सीएचमॉड 777 ही कमांड मारतो, म्हणजे कुणीही यावं आणि काहीही बदलावं. किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणं. मालकी बदलणाऱ्या 'सीएचओन' (chown) कमांडने मालकी त्या युजरला द्यावी, परवानगी फोल्डरांना 755, फायलींना 644, म्हणजे बदल फक्त मालकाने करावा, विषय संपला.

पुढे पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा पत्ता. मुखपृष्ठ झकास दिसतं, लेखावर क्लिक केलं की 404, पान सापडत नाही. पत्ते जुळवून देणारं अपाचीचं रीराइट मॉड्यूल चालू केलं तरी 404, कारण अपाचीच्या सेटिंगमध्ये 'अलाउ-ओव्हरराइड'समोर 'नन' असतं, म्हणजे वर्डप्रेसने लिहिलेले पत्त्यांचे नियम ते वाचतच नाही. ते 'ऑल' करून अपाची पुन्हा रीस्टार्ट करावं. यातलं एकच केलं तर उपयोग शून्य.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास राखून ठेवलेली गंमत. लेखाच्या पत्त्याला जागा 200 अक्षरांची. देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे टक्क्यांच्या वेषात ('क'चं '%E0%A4%95' होऊन) शिरताना 9 जागा अडवतं. काना, वेलांटी, हलन्त, सगळ्यांचं भाडं वेगळं. बावीस चिन्हांत खेळ खलास. म्हणून प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने आखूड करावा. नाहीतर मथळा 'लिनक्सवर वर्डप्रेस बसवताना घ्यायची काळजी' असला, तरी पत्ता 'लिनक्सवर-वर्डप्रेस-बसवता' इथेच धापा टाकत थांबतो. 'ना' दारात अडकतो, काळजी बाहेरच राहते.