बुटाचा तळ

शिडाच्या बोटीतून दोन दिवस भटकायला येतोस का, असं मित्राने फोनवर विचारलं. पोहता येतं का, बोट लागते का, असल्या किरकोळ गोष्टींत तो शिरलाच नाही. त्याचा प्रश्न एकच होता, "तुझ्या बुटाचा तळ कोणत्या रंगाचा आहे?"

मी बूट उलटा करून पाहिला. काळा.

"बाद! काळ्या रबराच्या रेघोट्या उठतात डेकवर. आणि ज्याच्या रेघोट्या, त्यानेच त्या घासायच्या."

मग मी घरातला एकेक जोड बाहेर काढला आणि एकेक बाद होत गेला. लग्नकार्यातले चामडी तळाचे बूट ओल्या डेकवर म्हणजे पायाला बांधलेली साबणाची वडी. अंगठ्याच्या चपला घातल्या तर बोट कलली की चप्पल एकीकडे, मालक दुसरीकडे. गमबूट त्याला थंडीपावसात चालले असते, "पण जरा सैलच घे. पाण्यात पडलास तर झटकून काढता आले पाहिजेत." यातलं 'पडलास तर' त्याने 'मीठ कमी वाटलं तर' या सुरात म्हटलं.

"मग अनवाणीच येतो," मी वैतागून म्हणालो. त्यावर त्याने आपल्या पायाच्या करंगळीचा फोटो पाठवला. डेकवर दोर बांधायला धातूच्या खुंट्या असतात, क्लीट म्हणतात त्यांना. त्या नेमक्या करंगळीच्या उंचीवर असतात.

शेवटी खास बोटीवरचेच बूट घ्यायचे ठरले. त्यांचा शोध पॉल स्पेरी नावाच्या अमेरिकन माणसाने 1935 साली लावला. डेकवरून घसरण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होताच. त्यात आपला कुत्रा बर्फावरून न घसरता पळतो हे त्याने पाहिलं, पंजा तपासला, तर गादीवर बारीक भेगा! मग त्याने रबरी तळाला तशाच चिरा पाडल्या. खातरजमा म्हणून मीही शेजारच्या कुत्र्याचा पंजा उलटा करून पाहायला गेलो. त्याला संशोधनात रस नव्हता.

बूट आले. तळ पांढरा. चिरा इतक्या बारीक की नुसत्या दिसायच्याही नाहीत. बूट वाकवला की माशाच्या कल्ल्यांसारख्या उघडायच्या. मी येणाऱ्याजाणाऱ्याला ते उघडझाप करून दाखवत होतो. नवा बूट चावतो, तेव्हा बोटीवर लंगडायला नको म्हणून पंधरा दिवस रोज पहाटे ते घालून मैलभर फिरलो. इतकी पूर्वतयारी मी परीक्षेचीही केली नव्हती.

धक्क्यावर मित्राने माझ्या पायांकडे पाहून मान डोलावली. मग म्हणाला, "तळ दाखव." मी ऐटीत पाय वर केला. त्याचा चेहरा पडला.

"हे घालून रस्त्यावर चाललास?"

प्रत्येक चिरेत एकेक खडा बसला होता, दाताच्या फटीत डाळिंबाचा दाणा बसावा तसा. डेकला काळ्या रबरापेक्षाही वाळूखड्यांचं भय जास्त, कारण रेघोट्या पुसता तरी येतात, ओरखडे नाही. म्हणून हे बूट बोटीवरच घालायचे आणि बोटीवरच काढायचे. ही गोष्ट सगळ्यांना इतकी ठाऊक असते की कुणी कुणाला सांगत नाही.

त्याने माझ्या हातात एक दात कोरायची काडी ठेवली. शीड वर चढून वाऱ्याने भरलं, सगळ्यांनी ओरडून टाळ्या वाजवल्या, तेव्हा मी मांडीवर बूट घेऊन डाव्या टाचेपर्यंत पोचलो होतो.