डिझेल की हायब्रिड : एका फिरत्या दाव्याची तपासणी

गाडी घेण्याच्या विचारात असलेल्यांच्या फोनवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा : हायब्रिडचे मायलेज केवळ कागदावर असते आणि रस्त्यावर डिझेलच स्वस्त पडते, बीएस-6 हे धुराचे कडक निकष आल्यापासून डिझेल पेट्रोलइतकेच स्वच्छ झाले आहे, हायब्रिडची बॅटरी पाच वर्षांत बाद होऊन लाखांचा भुर्दंड पडतो, तर डिझेल इंजिन चार-पाच लाख किलोमीटर कुरकूर न करता चालते. यातील प्रत्येक विधानात सत्याचा अंश आहे आणि म्हणूनच ते चटकन पटते. परंतु हा मजकूर ज्या डिझेल गाडीची स्तुती करतो ती आता नव्याने विकली जात नाही, आणि ज्या हायब्रिडची निंदा करतो ती पुष्कळदा खऱ्या अर्थाने हायब्रिड नसते. घरातली मोठी रक्कम ज्या निर्णयात गुंतते तो निर्णय अशा गोंधळावर बेतला जाऊ नये, म्हणून हा प्रतिवाद.

सुरुवात ‘हायब्रिड’ या शब्दापासूनच करावी लागेल. मारुतीने 2015 मध्ये सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल मॉडेलांना एसएचव्हीएस नावाची जी यंत्रणा जोडली ती माइल्ड हायब्रिड होती. तिच्यातील छोटी मोटर इंजिनाला वेग घेताना हातभार लावते आणि सिग्नलवर बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करते, पण इंजिन बंद ठेवून गाडी पुढे नेण्याची ताकद तिच्यात नसते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर एकटीने गाडी चालवू शकते, आणि शहरातल्या मंद रहदारीत इंजिन बराच वेळ बंदच राहते. होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती, ग्रँड विटारा, हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस ही 2022 मध्ये आपल्याकडे आलेली उदाहरणे या दुसऱ्या प्रकारातील आहेत. त्यातही ग्रँड विटारा एकाच नावाने दोन्ही प्रकारांत आली : माइल्ड प्रकाराचे प्रमाणित मायलेज लिटरला 21.11 किलोमीटर आणि स्ट्राँग प्रकाराचे 27.97. ‘माझ्या मित्राच्या हायब्रिडने चौदाच दिले’ असे कोणी सांगितले, तर ती गाडी यांपैकी कोणती, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

आता मायलेज. प्रमाणित आकडा रस्त्यावर मिळत नाही, हे म्हणणे खरे आहे. पण ते डिझेललाही तितकेच लागू आहे. पुण्यातील एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थांत ही चाचणी रोलरवर, एसी बंद ठेवून, ताशी 90 किलोमीटरच्या वर न जाता होते. एकाच्या प्रयोगशाळेतील आकड्याची तुलना दुसऱ्याच्या रस्त्यावरच्या अनुभवाशी करणे हा उघड अन्याय आहे, आणि मजकुरात नेमके तेच केलेले आहे.

खरा फरक गाडी कुठे चालते यातून पडतो. ब्रेक दाबला की साध्या गाडीची गती उष्णतेत वाया जाते. हायब्रिडमध्ये मोटरच जनरेटर बनून त्यातील काही ऊर्जा बॅटरीत परत घेते. म्हणून जिथे थांबा-चला अधिक तिथे हायब्रिडचा लाभ अधिक. रहदारीची मोजणी करणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या 2024 च्या निर्देशांकात पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटे लागतात असे नोंदले आहे, म्हणजे ताशी 18 किलोमीटर. हायब्रिडसाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधूनही सापडणार नाही. याउलट समृद्धी महामार्गावर ताशी 110-120 च्या स्थिर वेगाने जाताना ब्रेकच लागत नाही, परत मिळवण्याजोगी ऊर्जा उरत नाही, आणि तिथे डिझेल बरोबरीला येते किंवा पुढे जाते. खंडाळ्याचा घाट उतरताना आणखी एक मर्यादा दिसते : हायब्रिडची बॅटरी लहान असल्यामुळे ती काही मिनिटांत भरते आणि पुढच्या उताराची ऊर्जा साठवायला जागा राहत नाही.

पैशाचा हिशेब करताना मजकूर जुने दर डोक्यात ठेवून बोलतो. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपयांवर गेले तेव्हा डिझेल 41 रुपयांच्या आसपास होते, कारण डिझेलचे दर सरकार धरून ठेवत होते. त्या काळात ज्याने डिझेल गाडी घेतली त्याचा निर्णय अगदी योग्य होता. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि तो आधार गेला. 2025 मध्ये मुंबईत पेट्रोल सुमारे 103.50 आणि डिझेल सुमारे 90 रुपये होते. याचा अर्थ असा की हायब्रिडने डिझेलपेक्षा लिटरमागे 15 टक्के अधिक अंतर कापले, की दोघांचा इंधनखर्च सारखा होतो. वाचकांनी हा एक आकडा लक्षात ठेवावा. बाकी सारे त्यावरून काढता येते.

उदाहरणादाखल शहरात हायब्रिडने 22 आणि तितक्याच मोठ्या डिझेल गाडीने 15 किलोमीटर दिले असे धरू. हायब्रिडला किलोमीटरमागे 4.70 रुपये पडतात, डिझेलला 6 रुपये. महामार्गावर दोघांनीही 20 दिले असे धरले तर हायब्रिडला 5.18 आणि डिझेलला 4.50 रुपये पडतात. म्हणजे ‘डिझेलच स्वस्त’ हे विधान शहरात चूक आणि लांबच्या प्रवासात बरोबर आहे. हायब्रिड दीड लाखाने महाग पडत असेल, तर किलोमीटरमागे 1.30 रुपयांची बचत ती रक्कम भरून काढायला सुमारे 1,15,000 किलोमीटर घेईल, हेही लपवण्याचे कारण नाही. वर्षाला सात-आठ हजार किलोमीटर चालवणाऱ्याने खरे तर दोन्ही सोडून साधी पेट्रोल गाडी घ्यावी.

या हिशेबात दोन गोष्टी सहसा सुटतात. महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीवर किमतीनुसार 11 ते 13 टक्के रस्ता कर आहे, तर डिझेल गाडीवर 13 ते 15 टक्के. पंधरा लाखांच्या गाडीवर हा फरक तीस हजारांचा होतो. दुसरी गोष्ट हायब्रिडच्या विरोधात जाते : आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असते आणि लिटरमागे त्याची ऊर्जा कमी असल्याने मायलेज थोडे घटते. शिवाय सप्टेंबर 2025 पर्यंत मोठ्या डिझेल एसयूव्हीवर 50 टक्क्यांपर्यंत आणि हायब्रिडवर 43 टक्के कर होता. आता मोठ्या गाड्यांसाठी दोन्हींवर सारखाच 40 टक्के जीएसटी आहे, त्यामुळे हायब्रिडची ती सवलत उरलेली नाही.

प्रदूषणाच्या मुद्द्यावर मजकूर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक लिटर पेट्रोलमधून सुमारे 2.31 किलो. डिझेल गाडी साध्या पेट्रोल गाडीपेक्षा लिटरमागे बरीच अधिक धावते म्हणून तिचे किलोमीटरमागचे उत्सर्जन कमी ठरत असे, आणि ‘डिझेलचा कार्बन कमी’ हा समज तिथून आला. पण हायब्रिडसमोर तो टिकत नाही. वर गृहीत धरलेल्या शहरी मायलेजने हायब्रिड किलोमीटरमागे 105 ग्रॅम सोडते आणि डिझेल 179 ग्रॅम. महामार्गावर दोघांचे मायलेज सारखे असले तरी डिझेलचेच उत्सर्जन अधिक राहते.

दुसरी गोष्ट आपल्या श्वासात जाणाऱ्या धुराची. बीएस-6 ने डिझेलमध्ये मोठी सुधारणा घडवली, हे नि:संशय मान्य केले पाहिजे. बीएस-4 मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरमागे 25 मिलिग्रॅम कणांची मुभा होती, ती 4.5 वर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा 250 वरून 80 मिलिग्रॅमवर आली. तरीही पेट्रोलसाठी ती मर्यादा 60 आहे, म्हणजे ‘पेट्रोलइतकेच स्वच्छ’ हे कायद्याच्या कागदावरही खरे नाही. आणि कागदापलीकडचा अनुभव अधिक गंभीर आहे. स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या आयसीसीटी या संस्थेने 2014 मध्ये, बीएस-6 ज्यावर बेतलेले आहे त्या युरो-6 दर्जाच्या 15 नव्या डिझेल गाड्यांची रस्त्यावरील मोजमापे प्रसिद्ध केली तेव्हा ही ऑक्साइडे मर्यादेच्या सरासरी सातपट निघाली. पुढच्याच वर्षी उत्सर्जन चाचणीला फसवणाऱ्या सॉफ्टवेअरचे फोक्सवॅगनचे प्रकरण उघड झाले, ज्यात जगभरातील 1 कोटी 10 लाख गाड्या गुंतल्या होत्या. आपल्याकडे प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक झाली. एप्रिल 2020 ते मार्च 2023 या काळात विकल्या गेलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांना ती लागू नव्हती. आपली पीयूसी तपासणी डिझेलचा फक्त धुराचा दाटपणा पाहते, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाही. म्हणून रस्त्यावरची एखादी जुनी गाडी किती ऑक्साइडे ओकते आहे हे कोणालाच कळत नाही. डिझेलचा धूर मानवात कर्करोग घडवतो असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये जाहीर केले होते, आणि शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग पाहिली की मला प्रत्येक वेळी ते आठवते.

बॅटरीसाठी होणाऱ्या खाणकामाचा आक्षेप मात्र प्रमाण विसरून घेतला जातो. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी 0.76 किलोवॅट-तासाची आहे, तर नेक्सॉन ईव्ही या पूर्ण विजेवरच्या गाडीची 45 किलोवॅट-तासाची, म्हणजे जवळजवळ साठपट.

राहिला भरवशाचा प्रश्न, आणि इथे मजकुराची चूक सर्वांत मोठी आहे. तीन-चार लाख किलोमीटर धावलेल्या क्वालिस आणि सुमो आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या आहेत. त्या इंजिनांचे गुण खरेच होते, पण त्यांच्या धुराड्यात डीपीएफ नव्हता. आजच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा हा फिल्टर असतो आणि त्यात साठलेली काजळी जाळायला सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमान लागते. रोज घर ते कार्यालय चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत ते तापमान येतच नाही. फिल्टर तुंबतो, त्याला साफ करण्यासाठी सोडलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर काजळी बसते ती वेगळी. केवळ शहरी वापराचाच हा दोष आहे असेही नाही : ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टाने एप्रिल 2022 मध्ये टोयोटाच्या 2.4 आणि 2.8 लिटर डिझेलच्या 2,64,170 गाड्यांतील डीपीएफ यंत्रणा सदोष ठरवली, आणि तिथे अडचण सतत वेगाने चालवताना येत होती. आपल्या इनोव्हा क्रिस्टाचे 2.4 लिटर इंजिन त्याच कुळातील आहे. यावरून भारतातील प्रत्येक क्रिस्टा सदोष ठरत नाही, परंतु क्वालिसची पुण्याई नव्या डिझेलच्या खात्यावर जमा करता येत नाही एवढे निश्चित.

हायब्रिडमध्ये इंजिन आणि मोटर दोन्ही असल्याने ‘दुप्पट यंत्रणा, दुप्पट बिघाड’ असे म्हटले जाते, तो तर्कही तपासून पाहावा. टोयोटाच्या हायब्रिड पद्धतीत वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही, टर्बो नाही. गिअरबॉक्सच्या जागी ग्रहांसारखी फिरणारी एक दंतचक्रांची जोडणी आहे जिच्यात घासून संपणारे फारसे काही नाही. ब्रेकचे बरेच काम मोटर करत असल्याने पॅडही अधिक टिकतात. बॅटरीवर कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटरची हमी देतात, मग ‘पाच वर्षांत बाद’ झालेल्या बॅटरीचा खर्च मालकावर कसा येतो, याचे उत्तर मजकुरात नाही. टोयोटाची प्रियस ही हायब्रिड 1997 पासून रस्त्यावर आहे, त्यामुळे आपल्याला अंदाजावर विसंबण्याची गरज नाही. अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने 2011 मध्ये मूळ बॅटरी असलेली, सव्वातीन लाखांहून अधिक किलोमीटर धावलेली 2002 ची प्रियस तपासली तेव्हा तिचे मायलेज नव्यासारखेच निघाले. त्याच संस्थेच्या 2023 च्या पाहणीत हायब्रिडमध्ये साध्या इंजिनाच्या गाड्यांपेक्षा 26 टक्के कमी तक्रारी आढळल्या. ती तुलना मुख्यतः पेट्रोल गाड्यांशी आहे आणि चार्जिंगच्या प्लग-इन हायब्रिडचा निकाल तिथे वाईट आला होता, हेही सांगितले पाहिजे.

हायब्रिडची देखभाल शून्य नाही. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंख्याची जाळी आपल्या धुळीत तुंबते आणि ती दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यावीच लागते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर 12 व्होल्टची साधी बॅटरी उतरते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. हमीची आठ वर्षे संपत आलेली हायब्रिड जुन्या बाजारात घेताना मोठ्या बॅटरीची तपासणी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

आणि डिझेल आजही कोणासाठी योग्य आहे? ज्याचे महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर होतात, त्यातील बहुतेक नागपूर–मुंबईसारख्या मोकळ्या रस्त्यावर होतात, किंवा ज्याला सात माणसे आणि सामान घेऊन कच्च्या चढाच्या रस्त्याने जायचे असते, त्याने क्रिस्टासारखी डिझेल गाडी जरूर घ्यावी. पुण्या-मुंबईत कार्यालयात जाणाऱ्याने ती घेतली, तर इंधनाचा जादा खर्च आणि तुंबलेला फिल्टर त्याच्या वाट्याला येईल, आणि धूर त्याच्या मागच्या दुचाकीस्वाराच्या.