प्लेऑफचं भाकीत करायचंय? मग फार खेळ बघू नका

जानेवारी उजाडला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगच्या, प्लेऑफबद्दल चार शब्द बोलल्याशिवाय सुटका नाही. तुम्ही न्यू जर्सीत असाल तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी गुरुवारीच गाठतो. पुण्यात बसून डॅलसच्या क्लायंटचं काम करत असाल तर कॉलची पहिली पाच मिनिटं याच विषयात जातात. ‘आम्ही आपले क्रिकेटवाले’ असं सांगून बघा, समोरचा आवाज एकदम मऊ होतो, आजारी माणसाशी बोलावं तसा. त्यापेक्षा भाकीत करून मोकळे व्हा. खेळ कळायलाच हवा असं काही नाही. ज्यांना कळतो त्यांचीही भाकितं चुकतात, फरक इतकाच की ते टाय लावून चुकतात.

आधी जुजबी माहिती. एकूण ३२ संघ, त्यांतले १४ प्लेऑफमध्ये, दोन्ही कॉन्फरन्समधून (म्हणजे गटांतून) सात-सात. दोन्हीकडचा पहिल्या क्रमांकाचा संघ पहिला आठवडा घरी बसतो, उरलेले बारा आपसांत भिडतात आणि सहा गारद होतात. दुसऱ्या आठवड्याला आठ संघ आणि चार सामने, शनिवारी दोन, रविवारी दोन. भाकितवाल्यांची पर्वणी ती हीच. चारांतलं एखादं तरी बरोबर येतंच, आणि सोमवारी बोलायचं ते त्या एकाबद्दलच.

सामना घड्याळाने साठ मिनिटांचा, टीव्हीवर तीन तासांहून जास्त. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये हिशेब केला तेव्हा चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ भरला सुमारे ११ मिनिटं. बाकीचा वेळ खेळाडू घोळका करून उभे, प्रशिक्षक तोंडासमोर कागद धरून कुजबुजतायत, पंच पडद्यात डोकं घालून बसलेत आणि जाहिरातीतला पिकअप ट्रक चिखलातून डोंगर चढतोय. थोडक्यात, खेळण्यापेक्षा खेळाबद्दल बोलणंच जास्त. तुमच्यासारख्या होतकरू माणसाला याहून चांगलं क्षेत्र मिळणार नाही.

आता लिहायला बसा. पहिलं वाक्य असं असावं की कुणीच जिंकलं तरी ते खोटं ठरू नये. ‘जो चेंडू जपेल तो जिंकेल.’ ‘क्वार्टरबॅकवर दबाव आला तर चित्र पालटेल.’ (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू टाकून डाव चालवणारा.) दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात घाला, कारण त्यांतलं एक दगा देतं. जानेवारी २०२२ मधल्या सिनसिनाटी बेंगाल्स विरुद्ध टेनेसी टायटन्स सामन्याचं उदाहरण घ्या. तेव्हा कुणी लिहिलं असतं, की टायटन्सनी बेंगाल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याच्यावर दबाव आणला की बेंगाल्सचा खेळ खलास, तर ते अगदी तर्कशुद्ध ठरलं असतं. टायटन्सनी दबाव आणला. बरोला नऊ वेळा चेंडूसकट जमिनीवर आडवा केला. नऊ वेळा! आणि टायटन्स हरले, १९-१६. कारण त्यांचा क्वार्टरबॅक रायन टॅनेहिल याने सामन्यातला पहिलाच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात टाकला, शेवटचाही टाकला आणि मध्ये कंटाळा येऊ नये म्हणून आणखी एक. मग बेंगाल्सच्या मॅकफर्सनने ५२ यार्डांवरून किक मारून विषय संपवला. अशा वेळी आपलं पहिलं वाक्य पुढे करायचं: ‘चेंडू जपा, असं म्हटलं नव्हतं का?’ दुसऱ्या वाक्याचं कुणी नाव काढलं तर फोन म्यूट झाला होता म्हणून सांगा.

विश्रांती हा मुद्दा सोडू नका. पहिल्या क्रमांकाचा संघ आठवडाभर घरी बसून आलेला असतो. जिंकला तर ‘ताजातवाना’, हरला तर ‘गंज चढलेला’. विशेषणाची जागा मोकळी ठेवा, रविवारी रात्री भरा. त्या शनिवारी टायटन्स आणि ग्रीन बे पॅकर्स हे दोन्ही अव्वल संघ आपापल्या घरच्या मैदानावर हरले. ‘घरचं मैदान म्हणजे तीन गुणांचा फायदा’ हे वाक्य मात्र त्यानंतरही ठणठणीत आहे. वापरा.

हवामानाचं काय, म्हणाल. हवामान हवंच. ग्रीन बेचं नाव निघालं की १९६७ च्या ३१ डिसेंबरला जा. उणे २५ सेल्सिअस, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, धातूची शिट्टी ओठाला चिकटली, मग पुढचा सामना त्यांनी तोंडाने ओरडून चालवला. पॅकर्सनी त्या दिवशी डॅलसला हरवलं, आणि तेव्हापासून त्यांच्या घरच्या लॅम्बो फील्डवर थंडी पडली की ती पॅकर्सच्या बाजूने खेळते असा समज आहे. २०२२ च्या त्या शनिवारी रात्री तिथे बर्फ भुरभुरत होता, पाहुणे होते कॅलिफोर्नियाचे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स. उबेतली मंडळी आता कुडकुडणार, हे कोणीही सांगितलं असतं. कुडकुडलीही असतील, त्यांच्या आक्रमक फळीला सबंध सामन्यात एकही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकापार नेला की सहा गुण) जमला नाही. जिंकले तेच, १३-१०.

कसे? तर हाफटाइमच्या आधी पॅकर्सचा एक फील्ड गोल (खांबांमधून मारायची तीन गुणांची किक) त्यांनी अडवला. शेवटी शेवटी पंट अडवला आणि पडलेला चेंडू उचलून थेट टचडाउन केला. मग अखेरच्या क्षणी रॉबी गोल्डने ४५ यार्डांवरून किक मारली, आणि ती अडवायला पॅकर्सचे अकराऐवजी दहाच गडी उभे होते. पंट, किक वगैरेची ही जी वेगळी तुकडी असते तिच्याबद्दल आधी अवाक्षर लिहू नका, झोप येते वाचणाऱ्याला. सामना संपल्यावर मात्र ‘मी तर म्हणतच होतो’ या चालीवर तासभर बोला.

(हवामानाचं भाकीत करणारे आणि सामन्याचं भाकीत करणारे यांत पहिले जास्त प्रामाणिक. जानेवारी २०२४ मध्ये बफेलोला इतका बर्फ पडणार असं त्यांनी सांगितलं की रविवारचा सामना सोमवारवर ढकलावा लागला, आणि बर्फ पडलादेखील. स्टेडियम उपसायला क्लबने तासाला २० डॉलर देऊन माणसं बोलावली. फुटबॉल-पंडितांपैकी कुणी फावडं घेऊन गेल्याचं ऐकिवात नाही.)

क्लायंट डॅलसचा असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. डॅलस काउबॉइज स्वतःला ‘अमेरिकेचा संघ’ म्हणवतात आणि त्यांनी शेवटचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तो जानेवारी १९९६ मध्ये. हे वाक्य कॉलवर उच्चारायचं नाही. ‘यंदा संघ भरलेला वाटतोय’ इतकंच. त्याहून नाजूक जागा म्हणजे १६ जानेवारी २०२२. सहा गुणांनी मागे, चौदा सेकंद बाकी, घड्याळ थांबवायला टाइमआउट एकही नाही, आणि क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट चेंडू घेऊन मैदानाच्या मधोमध पळत सुटला. १७ यार्ड गेला, घसरून बसला. आता चेंडू पुन्हा मांडायचा तर पंचाचा हात लागावा लागतो. पंच बिचारा मागून धावत आला, खेळाडूंच्या गर्दीत घुसला, त्याने चेंडू ठेवला आणि घड्याळ शून्यावर. सीझन संपला. तुमच्या क्लायंटने हे सेकंद आयुष्यात जितक्या वेळा पाहिलेत तितक्या वेळा त्याने तुमची प्रेझेंटेशन पाहिलेली नाहीत.

मोठ्या खेळाडूबद्दल लिहिताना तळ्यात-मळ्यात खेळायला शिका. टॉम ब्रेडीकडे सात सुपर बोल, तेव्हा ‘ब्रेडीला कधी कमी लेखू नका’ हे एक वाक्य आणि ‘वय कुणाला चुकलंय’ हे दुसरं. टायटन्स आणि पॅकर्स हरले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ही दोन्ही वाक्यं एकाच संध्याकाळी खरी ठरली. ब्रेडीच्या टॅम्पा बे संघाविरुद्ध लॉस एंजेलिस रॅम्स २७-३ ने पुढे होते. टॅम्पात माणसं गाडीच्या किल्ल्या शोधायला लागली असतील. ब्रेडीने सगळं भरून काढलं, २७-२७, आणि घड्याळात उरले ४२ सेकंद. मग मॅथ्यू स्टॅफर्डने कूपर कपला ४४ यार्डांचा लांब चेंडू टाकला, रॅम्सनी सोपी किक मारली, ३०-२७. हा स्टॅफर्ड त्याआधी १२ वर्षं डेट्रॉइटला होता आणि तिथे प्लेऑफचा एकही सामना जिंकला नव्हता. म्हणजे ‘मोठ्या सामन्याचा अनुभव’ या सदरात शेवटी कामी आला तो त्याचा. नंतर ब्रेडीने निवृत्ती जाहीर केली आणि ४० दिवसांत ती मागे घेतली. तुम्हाला आपले शब्द फिरवायला फक्त सोमवार सकाळपर्यंतचा वेळ असतो, हे लक्षात ठेवा.

अंतिम गुणसंख्या द्यावीच लागते. २७-२४ लिहा. चुरशीचा सामना वाटतो, अभ्यास केल्यासारखा दिसतो. उगाच ३८-१७ वगैरे लिहून स्वतःला सापडवून घेऊ नका.

आता त्याच आठवड्यातला चौथा सामना. कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध बफेलो बिल्स, २३ जानेवारी २०२२, भारतात सोमवारची पहाट. बिल्सचे चाहते म्हणजे स्टेडियमबाहेर घडीच्या टेबलांवर उड्या मारून ती मोडणारी जमात. त्यांच्या संघाने नव्वदच्या दशकात ओळीने चार सुपर बोल हरले, त्यांतला पहिला ४७ यार्डांची किक उजवीकडून गेली म्हणून एका गुणाने. या माणसांनी टेबलं मोडली नाहीत तर काय करावं. त्या रात्री शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण काढले. गेब्रियल डेव्हिसने आपला चौथा टचडाउन केला तेव्हा बिल्स ३६-३३ ने पुढे आणि घड्याळात उरले होते १३ सेकंद.

तेरा सेकंदांत होणार काय? बिल्सनी किकऑफ सरळ मागच्या टोकापर्यंत मारला. त्यामुळे चीफ्सना २५ यार्डांवर चेंडू मिळाला आणि घड्याळ जागचं हललं नाही. आखूड मारला असता तर दोन-चार सेकंद तिथेच गेले असते, यावर बफेलोत अजून वाद घालतात. मग चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स याने टायरीक हिलला चेंडू टाकला, १९ यार्ड. टाइमआउट. ट्रॅव्हिस केल्सीला टाकला, २५ यार्ड. टाइमआउट. चीफ्सच्या बटकरने ४९ यार्डांवरून किक मारली, ३६-३६. ओव्हरटाइमला नाणं उडवलं, बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याने मागितला काटा आणि पडला छापा. चीफ्सनी चेंडू घेतला, टचडाउन केला, ४२-३६, सामना समाप्त. तेव्हाचा नियमच तसा होता. ॲलनने त्या रात्री चार टचडाउन टाकले होते आणि ओव्हरटाइममध्ये त्याच्या हाताला चेंडू लागलाच नाही; तो बाजूला उभा होता.

या सामन्याचं भाकीत कुणीही लिहिलं असेल, कितीही तक्ते मांडले असतील, त्यात नाण्याचा रकाना असणार नाही. चारही सामने त्या आठवड्यात शेवटच्या खेळीवर सुटले. कुणाची किक कुठून गेली, नाणं कसं पडलं, यावर. आणि तरी पुढच्या गुरुवारी टाय लावलेली मंडळी त्याच खुर्च्यांवर, त्याच आवाजात हजर. तुम्हीही व्हा. लाजायचं कारण नाही, २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सट्टेबाजी कायदेशीर करण्याची वाट मोकळी करून दिल्यापासून तर तुमच्या मताला बाजारभावाचं कुंकूही लागलेलं असतं.

फक्त एक पथ्य पाळा: कालचा धडा आजच्या भाकितात लगेच घालू नका. बिल्सचा सामना पाहून कुणी ठरवलं असेल की ओव्हरटाइमला टॉस जिंकला की सामना जिंकला, तर त्याला ते ज्ञान जेमतेम आठवडाभर पुरलं असतं. पुढच्या रविवारी चीफ्सची गाठ बेंगाल्सशी पडली. चीफ्स २१-३ ने पुढे गेले, पसंती त्यांनाच होती, सामना ओव्हरटाइमला गेला आणि टॉसही त्यांनीच जिंकला. महोम्सचा चेंडू बेंगाल्सच्या वॉन बेलने पकडला, मॅकफर्सनने पुन्हा किक मारली आणि बेंगाल्स जिंकले. २७-२४.

मार्च २०२२ मध्ये संघमालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी नियम बदलला: प्लेऑफच्या ओव्हरटाइममध्ये पहिल्या संघाने टचडाउन केला तरी दुसऱ्याला एक संधी मिळणारच. हा नियम पहिल्यांदा वापरात आला तो थेट फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये. फोर्टीनायनर्सनी टॉस जिंकून चेंडू आधी घेतला, फील्ड गोलवर समाधान मानलं, चीफ्सनी उत्तरादाखल टचडाउन केला, २५-२२. सामन्यानंतर फोर्टीनायनर्सच्या काही खेळाडूंनीच पत्रकारांना सांगितलं की हा नवा नियम त्यांना ठाऊक नव्हता. तेव्हा तुम्हाला ‘पंट’ म्हणजे काय ते आज ठाऊक नसेल तर तुमच्या लिखाणाआड ते येऊ देऊ नका. शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे रविवारी पहाटे तीनला सुरू होतो, त्याआधी पाठवून द्या.