‘गोड बोला’ असं मी कुठे लिहिलं होतं?

“ताई, नोकरी म्हणजे माहेर नव्हे. पगार वेळेवर होतोय ना, मग साहेबांनी गोड बोलावं ही अपेक्षा कशाला? मी 30 वर्षं माणसं सांभाळली आहेत, असली रडगाणी खूप ऐकली.”

साहेबांकडून न्यायानं वागवलं जाण्याबद्दल मी मागे लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रतिक्रियेची ही सुरुवात. प्रतिक्रिया बरीच मोठी आहे, पुढे मुद्देही आहेत, पण उत्तर द्यायला बसले आणि इथेच अडकले. दोन दिवस जाऊ दिले, म्हटलं राग उतरेल. फारसा उतरलेला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी तुम्ही दाखवलेली चूक कबूल करते. पगारकपात आणि कारखान्यातली चोरी यांवरच्या संशोधक ग्रीनबर्ग यांच्या 1990 सालच्या अभ्यासाबद्दल लिहिताना मी दोन कारखाने म्हटलं होतं. कारखाने तीन होते. तिसऱ्यात पगारकपात झालीच नव्हती, तो तुलनेसाठी धरला होता. तुमचं बरोबर, माझं चूक.

आता ‘ताई’. एरवी हा शब्द मला आवडतो. पण ‘ताई’पासून निघून तिसऱ्याच वाक्यात ‘रडगाणी’पर्यंत पोचता येत असेल, तर त्यातलं ताईपण डोक्यावर टपली मारण्यापुरतंच उरतं. हाच लेख एखाद्या पुरुषानं लिहिला असता तर ‘दादा, नोकरी म्हणजे आजोळ नव्हे’ असं लिहिलं असतंत का? बहुधा ‘सर, थोडासा असहमत आहे’ असं आलं असतं.

आणि ‘गोड’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. खात्री करून घेतली. माझं म्हणणं एवढंच होतं, की निर्णय आपल्या विरोधात गेला तरी माणूस तो पचवतो, पण तो कसा झाला हे कुणीतरी त्याला समोर बसवून सांगायला हवं. तुम्ही ज्या अभ्यासातले कारखाने मोजलेत, त्यातच हे आहे. दोन कारखान्यांत 10 आठवड्यांसाठी पगार 15 टक्क्यांनी कापला. एका ठिकाणी सुमारे 90 मिनिटं बसून कपात का करावी लागली ते आकडे मांडून सांगितलं, खेद व्यक्त केला, लोकांचे प्रश्न घेतले. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत गुंडाळलं. कपात दोन्हीकडे तेवढीच. त्या काळात कारखान्यातली चोरी दोन्हीकडे वाढली, पण जिथे गुंडाळलं होतं तिथे कितीतरी जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर ती खालीही आली. आता मला सांगा, ती 90 मिनिटं कोणी गोड बोलत होतं का? पगार कापतोय हेच सांगत होते ना?

अनुभवाचे दाखलेच द्यायचे तर माझीही 22 वर्षं हिशेबखात्यात गेली आहेत. पहिल्या नोकरीत (ऑफिसचं नाव घेणार नाही) वर्षअखेरीचा एक अहवाल मी तीन आठवडे खपून तयार केला. साहेबांनी मीटिंगमध्ये तो पडद्यावर लावला. प्रत्येक पानाच्या तळाशी ‘तयार करणार’च्या पुढे माझं नाव होतं, तिथे त्यांचं आलं होतं. फाँट तोच, अक्षरांचा आकार तोच. फक्त त्यांचं नाव माझ्यापेक्षा लांब, त्यामुळे पान क्रमांक खालच्या ओळीत ढकलला गेला होता. 48 पानं मी तो घसरलेला आकडा बघत बसले. पगार त्या महिन्यात एक तारखेलाच झाला होता, वेळेवर.

दुसऱ्या नोकरीतल्या मॅडम हसायच्यासुद्धा नाहीत. त्यांनी मला बढती नाकारली. मी तणतणत केबिनमध्ये गेले, तर त्यांनी काही न बोलता मॉनिटर माझ्या बाजूला वळवला. पाच निकष, त्यांच्यापुढे गुण, बाकीच्यांची नावं झाकलेली. “इथे आणि इथे तू कमी पडलीस असं मला वाटलं. पटत नसेल तर बोल.” एका ठिकाणचं मला अजिबात पटलं नाही. मी बोलले, त्यांनी वीसेक मिनिटं ऐकलं, मध्ये आलेला फोन घेतला नाही. गुण मात्र बदलले नाहीत. घरी जाऊन मी रडले (हो, रडले, घ्या, तुमचं रडगाणं मिळालं) आणि त्यांच्या हाताखाली पुढे सात वर्षं काम केलं. सात वर्षांत त्यांनी कौतुक दोनदा केलं असेल, त्यातलं एकदा ईमेलवर, तेही एका ओळीत. गोड!

‘आधी पोट, मग मान, मॅस्लोचा पिरॅमिड वाचा’ असाही सल्ला आहे. वाचलाय. माणसाच्या गरजा पायऱ्यापायऱ्यांनी मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅस्लोच्या 1943 सालच्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच, तो नंतर दुसऱ्यांनी काढला. आणि खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असा समज करून घेऊ नका, हे खुद्द मॅस्लोनं त्याच लेखात बजावलंय. हे एवढं सांगायची खरं तर गरज नव्हती, पण ‘वाचा’ म्हणालात म्हणून.

पगार मी क्षुल्लक मानते, हा निष्कर्ष कुठून काढलात तेही कळलं नाही. घराचे हप्ते मीही फेडते.

बाकीचं थोडक्यात. साहेबालाही वरून दट्ट्या असतो: असतो, कोण नाही म्हणतंय, मग ‘हे वरून आलंय’ एवढं सांगायला किती वेळ लागतो? चार माणसांच्या ऑफिसात निकष आणि गुण कुठून आणायचे, जिथे साहेब स्वतःच महिनाअखेरीला पगाराची जुळवाजुळव करत बसलेला असतो: बरं, तो वेगळाच विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. ‘कामचुकारच न्याय-न्याय करतात’ याला उत्तर देत नाही.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, ‘तुम्हाला शाबासकी हवी होती, ती मिळाली नाही, म्हणून हा लेख.’ हो, हवी होती. 48 पानांची. त्यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. आणि 30 वर्षं माणसं सांभाळलीत म्हणता, तर त्यांतल्या एखाद्याला, आता तो तुमच्या हाताखाली नाही तेव्हा, फोन करून विचारा की सांभाळलं म्हणजे नेमकं काय केलं. उत्तर इथे लिहिलंत तर मी जसंच्या तसं राहू देईन.

लेखात ‘दोन’चे ‘तीन’ कारखाने केले आहेत. दुरुस्ती कोणी सुचवली तेही खाली लिहिलंय, तुमच्या नावानिशी.