‘दिवे लागतात, म्हणजे वायरिंग ठीक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सावकाश वाचली. जुनी गाडी अचानक सेल्फ घेईनाशी झाली, म्हणजे किल्ली फिरवूनही स्टार्टरची मोटर इंजिन फिरवेनाशी झाली, तर कोणताही भाग बदलण्याआधी तारा आणि जोड मल्टिमीटरने (विजेचा दाब मोजायच्या उपकरणाने) तपासावेत, असे मी लिहिले होते. त्यावर आपण लिहिता, ‘दिवे झगझगीत लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक. स्टार्टर गेला, तो बदला, संपले. ज्यांनी कधी हात काळे केले नाहीत, त्यांनी लोकांना मल्टिमीटर घेऊन बसवू नये.’

मतभेदाचे मला वावडे नाही; पण हे शेवटचे वाक्य आपण कशाच्या आधारावर लिहिले, ते मला समजलेले नाही. माझे बालपण वडिलांच्या गॅरेजात गेले. शाळेच्या सुट्टीत रॉकेलमध्ये कार्बोरेटर धुण्याचे काम माझ्याकडे असे, आणि स्टार्टर उघडून कार्बन ब्रश बदलायला मी तिथेच शिकलो. हे सगळे सांगण्याची वेळ यावी, याचा मला खेद वाटतो. मुद्दा पटला नसेल तर तो खोडून काढावा; लिहिणाऱ्याची लायकी काढू नये.

एक सूचना मात्र मान्य आहे. ऑटोमॅटिक गाडीत लिव्हर ‘पार्क’वरून ‘न्यूट्रल’वर आणून सेल्फ मारून पाहावा, हे आपले म्हणणे योग्य आहे. लिव्हर या दोन जागांवर आहे का, हे ओळखणारा स्विच झिजला की स्टार्टरपर्यंत हुकूमच पोहोचत नाही. लेखात ही तपासणी बरीच खाली आली आहे, ती वर घेतो.

दिव्यांविषयीचे विधान मात्र मला मुळीच मान्य नाही. 55 वॅटचे दोन हेडलाइट मिळून जेमतेम 9 ते 10 अँपिअर ओढतात, तर लहान पेट्रोल इंजिन फिरवताना स्टार्टरला साधारण 100 ते 200 अँपिअर लागतात. टर्मिनलखाली क्षार साचून जोडात अवघा 0.02 ओहम रोध आला, तरी दिव्यांचे केवळ 0.2 व्होल्ट जातात आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. त्याच जोडातून 150 अँपिअर जाऊ लागले, की 3 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि स्टार्टर ‘टक्’ करून थांबतो. शिवाय अनेक जुन्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह तार बॉडीला जोडलेली असते आणि बॉडीपासून इंजिनपर्यंत अर्थची, म्हणजे परतीच्या प्रवाहाची, वेगळी पट्टी असते. हेडलाइटचा प्रवाह त्या पट्टीतून जातच नाही. मग दिवे पाहून तिची प्रकृती आपण कशी सांगणार?

एका परिचितांच्या गाडीला असेच ठामपणे निदान करून आधी नवी बॅटरी आणि मग नवा स्टार्टर बसवण्यात आला होता, तरी गाडी ढिम्म. किल्ली फिरवली की ‘टक्’ आवाज येई आणि क्लचची केबल हाताला गरम लागे, कारण इंजिनकडून परतणाऱ्या प्रवाहाला तेवढीच वाट उरली होती. वरून धडधाकट दिसणाऱ्या अर्थच्या पट्टीचा बोल्ट मी सोडला, तेव्हा तिच्या टोकाच्या लगखालून हिरवट-पांढरी पूड गळाली. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळल्यावर गाडीने पहिल्याच किल्लीला सेल्फ घेतला. मी मल्टिमीटरचा आग्रह धरतो, तो अशा अनुभवांमुळे.

लेख लांबला, चित्रे नाहीत, या तक्रारींवर मला काही म्हणायचे नाही. ज्यांना वाचायचे आहे ते वाचतात. ‘नाहीतर सरळ धक्का मारा’ हा सल्ला मात्र कृपया कोणाला देऊ नये. सिलिंडरमध्ये पाणी किंवा कूलंट शिरून इंजिन अडकले असेल, तर द्रव दाबला जात नाही आणि धक्क्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. शंका असल्यास स्पार्क प्लग काढावेत आणि क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरते का, ते पाहावे.

आपल्या गाडीचा स्टार्टर उतरवण्यापूर्वी दुसऱ्या माणसाला किल्ली सेल्फच्या जागी फिरवून धरायला सांगून दोन आकडे घ्यावेत : बॅटरीच्या दोन खांबांमधला दाब, आणि निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक यांमधला दाब. पहिला 9.6 व्होल्टच्या खाली गेला तर आधी बॅटरी चार्ज करून तपासावी. दुसरा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची पट्टी सोडून पाहावी. हे आकडे आपण कळवलेत, तर पुढची चर्चा त्यांवर करू.