गुलमोहर नको रे, करंज लाव

आज भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. घर छान झालंय. हप्ते फेडत पोरानं हिमतीनं उभं केलंय, त्याचं मनापासून कौतुक आहे. पण जेवणं झाल्यावर तो मला अंगण दाखवायला घेऊन गेला आणि माझं डोकंच फिरलं. अख्खं अंगण पेव्हर ब्लॉकनं बंद केलेलं. कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, गुलमोहराचं रोप. बुंध्याला चिकटून ब्लॉक. हेच का लावलंस म्हटलं, तर म्हणाला, "काय ओ मामा, फुलं कसली लालभडक येतात बघा ना. घराचा लूकच बदलतो."

पाहुणे होते म्हणून तिथं गप्प बसलो. आता घरी आलोय, लिहितोच.

सोलापुरात राहायचं आणि दारातलं झाड फुलाच्या रंगावरून निवडायचं? इथं एप्रिलात पारा ४२-४३ ला जातो. आपल्याकडं झाडाला एकच गोष्ट विचारायची असते, की बाबा, भर उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता तुझ्याखाली बसता येईल का? गुलमोहर ऐन मार्च-एप्रिलात उघडा असतो. गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा लोंबत असतात आणि पानाचा पत्ता नसतो. मग फुलं, मग पालवी. नीट सावली धरेपर्यंत आभाळ भरून आलेलं असतं. ती सावली काय पावसात घेऊन बसायची?

आमच्या अण्णांनी १९९१ साली दारात करंज लावला. वन खात्याच्या रोपवाटिकेतून, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून आणलेलं वीतभर रोप. आईला चाफा हवा होता, ती दोन दिवस बोलली नव्हती. अण्णा म्हणाले, आधी बसायला जागा करू, वासाचं मग बघू. पहिले दोन उन्हाळे त्याला भांडी विसळलेलं पाणी घातलं, एवढाच काय तो खर्च. सातव्या-आठव्या वर्षी त्याच्याखाली बाज मावायला लागली.

ज्यांनी चैत्रातला करंज जवळून पाहिला नाही त्यांना कसं सांगू? होळीच्या आगेमागे पानं गळतात, पण तो फार दिवस उघडा राहत नाही. आधी तांबूस, मग पोपटी पालवी फुटते, तेल लावल्यासारखी चकचकीत. सगळा गाव तापलेला असताना हा एकटा हिरवागार. त्यामागून फुलं. गुलाबी-जांभळट झाक असलेली पांढरी, वाटाण्याच्या फुलासारखी, नखाएवढी. पहाटे खाली लाह्या सांडल्यासारखा सडा पडलेला असतो आणि वर मधमाश्यांचा एकसारखा आवाज. त्याच वेळी फांदीवर गेल्या सालच्या वाळक्या शेंगाही असतात, अगदी करंजीच्या आकाराच्या. गुलमोहरासारखा लांबून डोळ्यांत भरत नाही, हे खरं. त्याच्याखाली जाऊन बसावं लागतं.

आता कुणीतरी म्हणेलच की साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिन साजरा करतात. करू देत, रस्त्याच्या कडेला फुललेला गुलमोहर मलाही आवडतो. पण मादागास्करहून आलेलं ते झाड, मुळं वरवर पसरणारी, लाकूड ठिसूळ. वळवाचा वारा सुटला की मोडणाऱ्या फांद्या आधी त्याच्याच. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीत एक फांदी गाडीवर पडली. पाच मिनिटांपूर्वी तिथं पोरं खेळत होती! हातभर अंतरावरच्या भिंतीचं काय होणार हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. आणि तेव्हा तोडू म्हणशील, तर १९७५ चा झाडांचा कायदा आहे. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. म्हणून विचार आधी करायचा.

बहाव्याचं म्हणाल तर देखणा, वादच नाही, पण फुलतो तेव्हा तोही जवळजवळ निष्पर्ण. ताम्हण आपलं राज्यपुष्प, पण ते ओढ्याकाठचं झाड, त्याला पाणी लागतं. कोकणात खुशाल लावा. आमच्याकडं टँकरचं पाणी झाडाला घालायचं का? कडुनिंब मात्र चालेल. चैत्रात रात्री त्याच्या मोहराचा वास येतो तेव्हा माझी काहीच तक्रार नसते.

करंजाचा कचरा होतो, मान्य. आधी पानं, मग फुलं, मग शेंगा. आई रोज झाडायची आणि रोज बडबडायची. पण कचरा होतो म्हणून झाडं तोडणारी माणसं बघितली की माझा संताप होतो. एसीच्या बिलाला पैसे आहेत आणि पाच मिनिटं खराटा फिरवायला वेळ नाही?

२००६-०७ च्या सुमाराला लोडशेडिंग होतं तेव्हा दुपारी आमच्या दारात अर्धी गल्ली असायची. शेजारच्या काकू शेवया घेऊन, पोरं पुस्तकं घेऊन. कुणाला या म्हणावं लागायचं नाही. अण्णा बाजेवर, पंचा डोक्याखाली.

त्यांचा शेवटचा एप्रिल आठवतो. अर्धांगानं एक बाजू गेली होती, बोलणं नीट उमटत नव्हतं. दुपारी डावा हात दाराकडं करायचे. मी आणि आई धरून त्यांना बाजेवर निजवायचो. त्यांच्या शर्टावर फुलं पडायची आणि ती झटकू द्यायचे नाहीत. एकदा आईनंच त्यातलं एक उचलून बघितलं, वासही घेतला. चाफ्याचं नाव तिनं त्यानंतर कधी काढलं नाही.

बाळा, हे वाचशील तर रागावू नकोस. चारचौघांत बोललो नाही, इथं मात्र बोललो. गुलमोहर अजून लहान आहे, तो आपण शेताच्या बांधावर नेऊन लावू, तिथं त्याला जागाही मिळेल. मी अण्णांच्या करंजाखालच्या बिया दुधाच्या पिशव्यांत लावल्यात, सहा उगवल्यात. त्यातलं दणकट रोप तुझं. मृगाचा पाऊस पडला की घेऊन येतो. तोवर मधले ब्लॉक काढून ठेव, चार बाय चार फूट तरी. भिंतीपासून बारा-पंधरा फूट लांब. आणि बाज टाकायची कुठं, ते आत्ताच ठरवून ठेव.