हवामान कशामुळे बदलते, याविषयीच्या शंका आणि आपला दुष्काळ

मराठवाड्यात पावसाने ओढ दिली किंवा सप्टेंबरात नद्या शिवारात शिरल्या, की वर्तमानपत्रांत ‘हवामानबदलाचा फटका’ अशी बातमी येते आणि त्याच दिवशी पारावर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत तिचा प्रतिवादही सुरू होतो. “हवामान काय आत्ताच बदलायलंय का? आपल्या आज्यानंबी दुष्काळ बघितलाय की,” हे त्या प्रतिवादाचे सर्वांत साधे रूप. पुढे कोणी सूर्यावरच्या डागांचा विषय काढतो, कोणी ज्वालामुखींचा, तर कोणी ठामपणे सांगतो की हे सारे श्रीमंत देशांनी आपला कोळसा बंद पाडण्यासाठी रचलेले कारस्थान आहे. या शंकांची टवाळी करणारी मंडळीही पुष्कळ आहेत. मला ती टवाळी पटत नाही, कारण यांतल्या बहुतेक शंका शास्त्रज्ञांनी स्वतःच आधी घेतल्या होत्या आणि त्या तपासूनही पाहिल्या आहेत. ही तपासणी समजावून सांगण्याचा कंटाळा असला म्हणजे माणूस टवाळीकडे वळतो.

आज्याचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३० ते १६३२ या काळात दख्खनची दाणादाण उडवणारा दुष्काळ, १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आणि ज्याच्या आठवणी आजही घराघरांत निघतात तो १९७२ चा दुष्काळ, मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याच्या कामांचा, ज्यातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. यांपैकी १८७७ आणि १९७२ या दोन्ही वर्षी प्रशांत महासागरात तीव्र एल निनो होता, म्हणजे तिथले पाणी नेहमीपेक्षा तापले होते, आणि असे झाले की आपला पाऊस बहुधा घटतो. १८७७ मध्ये तर कारखान्यांच्या धुराने वातावरणात पडलेली भर अगदी किरकोळ होती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या आपल्या प्रदेशात पाऊस निसर्गतःच बेभरवशाचा आहे, ही गोष्ट कोणताही हवामानशास्त्रज्ञ नाकारत नाही. मात्र यावरून ‘म्हणून आजची तापमानवाढही निसर्गतःच होत आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. विहीर पूर्वीही उन्हाळ्यात आटत असे, एवढ्यावरून आज ती शेजारच्या खोल बोअरमुळे आटली नाही, असे कोणी शेतकरी म्हणणार नाही; तो बोअर किती खोल आहे, कधी घेतला आणि पाण्याची पातळी केव्हापासून उतरू लागली, हे आधी पाहील. हवामानाच्या बाबतीतही नेमके हेच पाहावे लागते.

सूर्याचे पाहू. पृथ्वीला मिळणारी उष्णता सूर्याकडूनच येत असल्याने सर्वांत पहिला संशय त्याच्यावर जाणे रास्तच आहे. १९७८ पासून उपग्रहांद्वारे सूर्याच्या तेजाची सलग मोजणी होत आहे. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात ते तेज साधारण ०.१ टक्क्याने वरखाली होते आणि १९८० च्या दशकापासून त्यात वाढ झालेली नाही, उलट किंचित घटच दिसते. नेमक्या याच काळात पृथ्वीचे तापमान सर्वाधिक वेगाने वाढले. याहून बोलका पुरावा वरच्या हवेत सापडतो. सूर्यच अधिक तापला असता, तर जमिनीलगतची हवा आणि उंचावरचा स्थितांबराचा थर दोन्ही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि स्थितांबर थंड होत आहे. त्या थंड होण्यात ओझोन कमी झाल्याचाही वाटा आहे, परंतु स्थितांबराच्या वरच्या भागातील तापमानाची घट उष्णता अडवणारा कार्बन डायऑक्साइड वायू हिशेबात धरल्याशिवाय जुळत नाही. विशेष म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढला तर असेच घडेल, हे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांनी १९६७ मध्येच गणिताने दाखवले होते. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. सिद्धांत आधी मांडला जावा आणि मोजमाप नंतर येऊन त्याच्याशी जुळावे, याला मी स्वतः फार मोठे वजन देतो.

ज्वालामुखीची शंका आपल्याकडे यावी, यात एक गंमत आहे. आपण ज्या काळ्या पाषाणावर राहतो तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच थर आहे. वेरूळ आणि अजिंठ्याची लेणी त्यातच कोरलेली आहेत. लाखो वर्षे चाललेल्या त्या उद्रेकांनी हवामान निश्चितच बदलले होते. परंतु आज जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. शिवाय मोठा उद्रेक झाला की आजकाल पृथ्वी तापण्याऐवजी काही काळ थंडच होते. फिलिपिन्समधील पिनाटुबो १९९१ मध्ये उसळला, तेव्हा त्याच्या गंधकयुक्त कणांनी ऊन अडवल्यामुळे जगाचे सरासरी तापमान वर्षभराने सुमारे अर्ध्या अंशाने उतरले होते.

आता कोणी विचारेल, हवेतला वाढलेला कार्बन माणसाचाच कशावरून? समुद्रातून आला नसेल का? ही शंका मला सगळ्यांत आवडते, कारण तिचे उत्तर अत्यंत सुबक आहे. कार्बनचे हलके आणि जड असे प्रकार असतात. वनस्पती हलका कार्बन अधिक घेतात, त्यामुळे प्राचीन वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात हलक्या कार्बनचे प्रमाण जास्त असते. आणि तो कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला असल्यामुळे त्यातला किरणोत्सारी कार्बन पूर्णपणे संपलेला असतो. म्हणजे परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या कार्बनवर त्याच्या कुळाचा शिक्काच असतो. हवेतील कार्बनची मोजणी केली, तेव्हा जड कार्बनचे प्रमाण नेमके याच पद्धतीने घटताना दिसले, आणि जळणाला जितका लागतो तितका प्राणवायूही हवेतून कमी होताना आढळला. राहिला समुद्र, तर तो स्वतःच अधिकाधिक आम्लधर्मी होत चालला आहे, म्हणजे कार्बन शोषून घेत आहे. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते, आणि अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून दिसते की गेल्या आठ लाख वर्षांत ते ३०० च्या वर फारसे कधी गेलेच नव्हते.

तापमान मोजणाऱ्या केंद्रांवरचा आक्षेप मी थोडक्यात उरकतो. पूर्वी गावाबाहेर असलेली वेधशाळा आता सिमेंटच्या वस्तीत आली, म्हणून पारा चढलेला दिसतो, असे म्हणतात. छत्रपती संभाजीनगर किंवा लातूर ज्यांनी वाढताना पाहिले, त्यांना हे सहज पटते. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना हीच शंका होती. त्यांनी बर्कली येथे स्वतंत्र गट उभारून जगभरच्या नोंदी नव्याने तपासल्या आणि त्या कामाला तेल उद्योगाशी संबंधित कोक कुटुंबाच्या प्रतिष्ठानाकडूनही देणगी मिळाली होती. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले की तापमानवाढ खरी आहे आणि तिचे कारण जवळपास पूर्णपणे माणूस आहे. शंका घ्यावी तर अशी घ्यावी.

कारस्थानाविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य मिसळलेले आहे. कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले आणि कोळसा जाळल्याने पृथ्वी किती तापेल याचे पहिले गणित स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये केले. त्या वेळी संयुक्त राष्ट्रसंघ नव्हता, हवामान परिषदा नव्हत्या, आणि आपण निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे भारताला रोखण्यासाठी हे शास्त्र रचले गेले, हे म्हणणे टिकत नाही. परंतु या शास्त्राचा वापर करताना श्रीमंत देश अन्याय करतात, ही तक्रार पूर्णपणे वैध आहे. आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे आणि भारताचा चार टक्क्यांच्या आतबाहेर. आपले दरडोई उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास आहे. अमेरिकेचे त्याच्या सातपट. आणि कारस्थान शोधायचेच असेल, तर ते दुसऱ्या बाजूला सापडते: एक्सॉन या तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत तापमानवाढीचे बरेच अचूक अंदाज बांधले होते आणि तरीही त्या कंपनीने पुढे जाहीरपणे याच शास्त्राविषयी संशय पसरवला. आपल्या पारावर पोहोचलेल्या काही शंकांचा उगम तिथे आहे, हे त्या मांडणाऱ्यांनाच ठाऊक नसते.

खरे तर आपल्याकडच्या शंकेखोरांनी विचारायला हवेत असे अवघड प्रश्न वेगळेच आहेत आणि ते क्वचितच विचारले जातात. जग औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत एक अंशाहून अधिक तापले. भारत मात्र १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशानेच का तापला? तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, मग १९५१ ते २०१५ दरम्यान देशाचा मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला कसा? हे दोन्ही आकडे केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालातले आहेत, कोणा विरोधकाचे नव्हेत. तिथे दिलेले स्पष्टीकरण असे की धुराचे आणि धुळीचे बारीक कण ऊन अडवतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडसारख्या हरितगृह वायूंनी होणारी तापमानवाढ काही प्रमाणात झाकली गेली आणि जमीन व समुद्र यांच्यातील तापमानाचा फरक मंदावल्याने मोसमी वारेही दुबळे झाले. म्हणजे तापवणारा माणूस आणि झाकणाराही माणूसच. त्याच अहवालानुसार मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. पाऊस एकंदर कमी आणि पडला तर कोसळणारा, हे आपल्या शेतकऱ्याच्या अनुभवाशी जुळते. तथापि मराठवाड्यापुरते बोलायचे, तर इथल्या वार्षिक पावसाचे चढउतार इतके मोठे आहेत की त्यातून सरळ रेघ काढून ‘हा बघा हवामानबदल’ म्हणण्याची घाई मी करणार नाही.

आणि म्हणूनच माझी खरी शंका दुसरीकडे आहे. पृथ्वी माणसामुळे तापते आहे, याविषयी मला संशय उरलेला नाही. पण आपल्या नळाला पाणी न येण्याचे कारणही तेच आहे, असे सभेत, विधिमंडळात आणि आढावा बैठकांत सांगितले जाते, तेव्हा मी अत्यंत संशयी होतो. २०१५ चा पाऊस एल निनोने हिरावला, हे मान्य. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याचे खापर मात्र एल निनोवर फोडता येत नाही. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडण्याआधी त्या खोऱ्यात उसाचे फड उभे होते आणि त्यांच्यासाठी कारखान्यांची गाळपे चालू होती. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पितो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत ऊस नको, हे १९९९ मध्येच सांगून ठेवले होते. परळीचे वीज केंद्र २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, त्या वर्षीही बीड जिल्ह्यातला ऊस कारखान्याला जातच होता.

जमिनीखालची गोष्ट याहून वाईट आहे. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते प्रामुख्याने वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात. खाली भेगा सापडल्या तर नशीब, आणि तिथले पाणी एका पावसाळ्यात भरून येत नाही. तरीही आठशे, हजार फूट बोअर घेतले जातात. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे. त्यानुसार ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा अधिक खोल विहिरीवर निर्बंध आहेत आणि अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगासाठी ती घेताच येत नाही. बोअरची गाडी गावात शिरते तेव्हा तिचा आवाज रात्रभर सगळ्या वेशीला ऐकू जातो. तो तलाठ्याला, ग्रामसेवकाला आणि हवामानबदलावर भाषण देऊन गेलेल्या पुढाऱ्याला ऐकू येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. सूर्यावरच्या डागांविषयी हिरिरीने वाद घालणाऱ्या आमच्या मित्रांनी येत्या ग्रामसभेत आपल्या गावाच्या भूजलाचा ताळेबंद, यंदा परवानगी दिलेल्या बोअरची यादी आणि धरणातल्या आवर्तनापैकी उसाला गेलेले पाणी, एवढे तीन कागद मागावेत. तिथे त्यांच्या बाजूने बोलायला मी येईन.